बुटातले बोळे

दादा,

काल जेवताना तू नातवंडांना पुन्हा ती जुनी आरोळी म्हणून दाखवलीस. "बूट बापाचे, पाय पोराचे, टाचेत बोळे कागदाचे!" पोरं खो खो हसली. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठलो.

तू तेव्हा तुझ्या कॉलेजचा गोलकीपर होतास आणि मी फायनलला तुमच्यासमोर आलेल्या कॉलेजच्या भित्तिपत्रकाचा संपादक. फायनलच्या आदल्या दिवशी आमच्या टीमने तुला चिडवायला काहीतरी मागितलं. मीही शेफारलो होतो, उभ्या उभ्या लिहून दिलं. खाली नाव घातलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळं मैदान तेच ओरडत होतं. तू मान खाली घालून पायातल्या वडिलांच्या बुटांकडे पाहिलंस आणि बॉल तुझ्या शेजारून जाळ्यात गेला. त्यानंतर तू कधी खेळला नाहीस. मला मात्र त्या वर्षी कवितेचं बक्षीस मिळालं, आणि टाळ्या वाजवायला तू पहिल्या रांगेत होतास.

काल तू एवढंच म्हणालास, "लिहिणारा हुशार होता हं."

दादा, ते बोळे मीच करून दिले होते, माझ्या कवितांची वही फाडून. तिसऱ्या कुणाला ते ठाऊकच नव्हतं. म्हणजे तुला मैदानातच कळलं होतं.

हे पत्र मी देणार नाही. तू चाळीस वर्षं गप्प राहिलास, ते मौन मोडायची माझी लायकी नाही.

तुझा धाकटा