भरू नये अशी जखम

माय,

तू गेलीस तेव्हा माझी पोरगी रांगत होती. आता तीच मला हाताला धरून दवाखान्याच्या पायऱ्या उतरवते. उजवा डोळा गेला माझा. काचबिंदूनं गेला. दुखला नाही, खुपला नाही. मी शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत राहिले आणि कडेकडेनं अंधार आत आला. डाव्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर वाशिमला झालं. आता हा एवढाच उरला आहे.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. डोळ्याच्या आत एक पाणी असतं, आसवांचं नव्हे, वेगळंच. ते सारखं तयार होतं आणि सारखं बाहेर जावं लागतं. माझी वाट बुजली होती, पाणी तुंबून मागची नस दाबत होतं. त्यांनी वरच्या पापणीखाली, पांढऱ्या भागात, बारीक खिडकी पाडली. तिच्यातून पाणी झिरपतं, पातळ पडद्याखाली जमतं, तिथून रक्तात मिसळतं. वरून फोडासारखा लहानसा उंचवटा दिसतो. मी म्हटलं, जखम भरली की सुटले ना? त्या म्हणाल्या, "ती भरायलाच नको. भरली की पाणी परत कोंडेल."

घ्या. मला तूच आठवलीस.

शेलूबाजारकडच्या वावरात आपण सोयाबीन सोंगत होतो, माझ्या करंगळीवर विळा बसला. तू हळद दाबलीस, लुगड्याची चिंधी बांधलीस. "काहून रडून राह्यली? आपल्या घरच्यायचं मांस चांगलं हाय. पाह्यजो, जुळून जाते." खरंच जुळलं. पुढं बाळंतपणातले टाके भरले तेव्हाही साऱ्या आळीला सांगत सुटलीस, पोरगी माह्यावर गेली म्हणून. मलाही त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू.

परवा बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमची जखम फार लवकर भरते हो." कौतुकानं नव्हे. भरणं मंदावायचं औषध टोचलं आणि बोटानं दाबायला शिकवलं. वर बघायचं, खालच्या पापणीवरून हळू दाबायचं. पाणी खिडकीकडे ढकललं जातं, डोळा मऊ पडतो. नाही पडला, तर त्याच दिवशी या म्हणाल्या. शेजारीण रोज दारातून म्हणते, लवकर बऱ्या व्हा, वैनी. बिचारी चांगल्या मनानं म्हणते, पण माझ्या अंगावर काटा येतो.

तुझ्या या मांसाचा मला राग येतो, माय. मी झोपले तरी त्याचं काम चालूच असतं, मुकाट्यानं, चोख, अगदी तुझ्यासारखं. पुन्हा खिडकी पाडतील, आणि हे पुन्हा बुजवील.

आज सकाळी दाबलं. थांबून पुन्हा दाबलं. आमचे हे अंगणातून विचारत होते, "मऊ लागून राह्यला का वं?"

मी हो म्हटलं. नाही लागत, माय.