फ्रीजमधला धूर

आप्पा, आईचा फ्रीज यंदा मे महिन्यात कायमचा बंद पडला. भंगारवाल्याला द्यायच्या ऐवजी मी तो मागच्या पडवीत ओढून नेला. तुम्ही तुमच्या जुन्या फ्रीजचं केलं होतं तेच मला करायचं होतं, मांसाला धूर द्यायचं कपाट. मेकॅनिककडून गॅस काढून घेतला, आतलं प्लास्टिक, त्यामागचा फोम, दाराचं रबर, सगळं खरवडून उपटलं. आत फक्त पत्रा राहिला पाहिजे, हे तुमचंच. ‘प्लास्टिकचा वास लागला तर ते मटण न्हाय, विष,’ असं म्हणत तुम्ही आत डोकं घालून कोपरान् कोपरा हुंगायचात. जहाजावरच्या भटारखान्यात आयुष्य काढलेलं तुम्ही. तेल, मीठ, लाकूड, माणसं, कशावरच तुमचा पटकन विश्वास बसायचा नाही.

तुमच्या त्या फ्रीजचा एक दिवस अजून आठवतो: मी नववीत आहे. दुपार आहे. फ्रीजच्या खालच्या भोकात पाइप, पाइपच्या दुसऱ्या टोकाला तेलाच्या डब्यात आंब्याचं लाकूड धुमसतंय, आणि वनखात्याचा गार्ड अंगणात उभा आहे. ‘रानडुक्कर आहे म्हणे आत. उघडा.’ तुम्ही कुलूप काढता. आत कोंबड्या लटकलेल्या, मधासारख्या रंगाच्या. गार्ड ओशाळून हसतो आणि जातो. तुम्ही मात्र कुंपणापलीकडे बघत राहता. तिथे काका पेंढा रचतायत. रोज येऊन ‘दादा, आज कशाचं हाय?’ विचारणारे तेवढेच. ‘घरातलाच हाय सांगणारा,’ तुम्ही म्हणालात, आणि त्या दिवसापासून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलंत. एकदा ते उंबऱ्याशी येऊन म्हणाले, ‘दादा, मी न्हाय सांगितलं.’ तुम्ही दार लावून घेतलंत. तुम्हाला खांदा द्यायला ते आले, तेव्हा मीसुद्धा त्यांच्याकडे चोराकडे बघावं तसंच बघितलं.

परवा मी फ्रीजला पाइपचं भोक पाडत होते. आई पायरीवर बसून होती. मधेच म्हणाली, ‘ह्याला कुलूप नको लावू. त्या गार्डला मीच सांगितलं व्हतं.’

माझा हात तिथेच थांबला. तुमचा तो डोंगरावरचा बंदूकवाला मित्र तेव्हा सारखा आपल्याकडे येऊन बसायचा. तो शिकार आणील, तुम्ही तिला धूर द्याल आणि बेड्या तुमच्या हाती पडतील, ही तिला धास्ती. गार्डने एकदा दरडावलं की तुम्ही त्या माणसाला दारात उभं करणार नाही, म्हणून तिने तळा गावच्या बाजारात गार्डला गाठलं होतं.

‘मग आप्पांना का नाही सांगितलंस?’

‘मला ठेवलं असतं व्हय त्यांनी घरात? आणि वाटलं, भाऊच हाय, आज ना उद्या बोलतील.’

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. हे तरी खरं कशावरून? की म्हाताऱ्या दिराची कीव येऊन ती आता आळ स्वतःवर घेतेय? तिने नजर चुकवली नाही, तरी माझ्या मनातला संशय जाईना. तुमचीच मुलगी.

पहिली कोंबडी तयार झाली, ती ताटलीत घालून मी कुंपण ओलांडलं. काकांनी ताटलीला हात लावला नाही.

‘कशाचं हाय?’

‘कोंबडी.’

‘आधी तू खा.’

मी खाल्ली. मग त्यांनी एक बारीक तुकडा तोडला आणि उरलेल्या दातांनी बराच वेळ चघळला.

‘मी नव्हतो गं.’

‘माहीत आहे, काका.’

‘दादाला कळलं व्हतं?’

‘हो. शेवटी शेवटी म्हणाले होते, माझ्या भावाने नाही सांगितलं.’

काकांनी पंच्याने तोंड पुसलं, नुसतं तोंडच नाही, आणि ताटली स्वतःकडे ओढून घेतली.

आप्पा, तुम्ही असं काहीही म्हणाला नव्हतात. ते वाक्य माझं. हे पत्र मी घरातही ठेवणार नाही, काकांना अजून चष्म्याशिवाय वाचता येतं.