हेराल्डचा शाफ्ट

कॉव्हेंट्री, ३ मार्च १९८४

नोरीन हिस, सिरिल हॅडलीचा नमस्कार.

तुझ्या जिभेला कंटाळून माझा मुलगा क्लाइव्ह घर सोडून गेला, पण त्याची जुनी हेराल्ड गाडी तुझ्या गॅरेजात अडकली आहे. येत्या शनिवारी मी आणि तो टेम्पो घेऊन येऊ आणि ती ओढून नेऊ. शेजारच्या मिसेस प्यू सांगत होत्या की तू इंजिनापासून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट दुरुस्त करून आणलास आणि स्वतःच बसवणार आहेस. मला हसू आलं. तुझा साधा केक कधी धड फुगला नाही. गाडीला हात लावू नकोस.

सिरिल

५ मार्च

श्री. सिरिल यांस, रीत म्हणून नमस्कार.

क्लाइव्ह त्या ऑड्रीकडे स्वतःच्या पायांनी गेला. मी फक्त मागून दार लावलं. जाताना शाफ्ट काढून गाडी तशीच उघडी टाकून गेला. गाडीच्या कागदांवर नाव माझं आहे, हे लाडक्याने सांगितलेलं दिसत नाही. मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे आणि तिकडची बस बंद झाली, तेव्हा गाडी मला लागते. काल जॅकवर उचलून शाफ्टची मागची बाजू बसवली. इतकी वर्षं तुमचा मुलगा गाडीखाली असायचा आणि उजेडाला बॅटरी मी धरायची. डोळे मिटून धरत नव्हते.

शनिवारी आलात तर दारातूनच परत जाल.

नोरीन

६ मार्च

नोरीन,

नुसत्या जॅकवर? अक्कल कुठे ठेवलीस? कारखान्यात माझ्या डोळ्यांदेखत जॅक सरकला आणि माझ्या सोबतच्या रेजिनाल्डची छाती चेपली. आधी गाडी लोखंडी घोड्यांच्या टेकूवर ठेव, मगच खाली शीर. शाफ्ट काढताना कोणती बाजू कुठे येते याच्या खुणा क्लाइव्हने केल्या असतील, त्या जुळव. नट नवे घाल.

हे तुझ्या काळजीने लिहीत नाही. गाडी वाया जाऊ नये एवढंच. शनिवारी येतोच आहे.

सिरिल

८ मार्च

श्री. सिरिल यांस,

घोडे मिसेस प्यूंच्या भावाकडून आणले. तुमच्याकडे मागितले नसते. खुणा नव्हत्याच; तुमच्या चिरंजीवांनी केल्याच नाहीत. शाफ्ट बसवला, तर रस्त्यावर गाडी अशी थरथरली की माझे दात वाजले. पुन्हा खाली शिरले, बोल्ट काढले, शाफ्ट अर्धा फेरा फिरवून बसवला. दोन बोटं सोलली. आता कशी चालते ते तुम्हाला सांगायला मी बांधील नाही.

नोरीन

११ मार्च

नोरीन,

काल आम्ही आलो तर गॅरेज रिकामं. कागद कुणाच्या नावावर आहेत ते मी क्लाइव्हला तुझ्या दारातच विचारलं. तो बुटांकडे बघत राहिला. तेवढ्यात तू गाडी घेऊन कोपऱ्यावरून वळलीस आणि आमच्या समोरून थेट पुढे गेलीस, मानही वळवली नाहीस. मी कान देऊन ऐकलं. खडखड नाही, थरथर नाही. क्लाइव्ह मला म्हणाला की तिला अडवा. मी म्हटलं, अडवायचं तर तू रस्त्यात उभा राहा. नाही राहिला. टेम्पो मी एकट्याने परत नेला. तो ऑड्रीकडे चालत गेला असेल.

यावरून आपलं काही गोड झालं असं समजू नकोस. तू उर्मट होतीस आणि आहेस. नवे नट आठवड्याभरात सैल होतात. लोभ मागत नाही, पण ते पुन्हा आवळलेस की नाही, ते कळव.

सिरिल हॅडली