ओसरीवरून दिसणारा फळा

फ्रिस्को, शनिवार

प्रिय आई,

शाळेच्या ओसरीवर बसून आतला फळा वाचताना तुला राग यायचा का गं? तू गेल्यापासून विचार करतेय. आपल्या घरातली पहिली पदवीधर मी, पण याचं उत्तर मला येत नाही. आज लिहितेय, कारण गेल्या आठवड्यात, इथून गाडीने पाच तासांवरच्या लिटल रॉकमध्ये, मला तू दिसलीस.

खरंच! तिथे एका भल्यामोठ्या शाळेसमोर जुना पेट्रोल पंप आहे. काळी मुलं गोऱ्यांच्या शाळेत पहिल्यांदा गेली, ती हकिकत आता त्या पंपात मांडलीय. एका फोटोत गर्दी ओरडतेय आणि एक मुलगी वह्या छातीशी धरून एकटी चाललीय. बघता बघता ओरडणं विरत गेलं. तिच्यामागून तू आलीस, अनवाणी, हातात पाटी. रुंद पायऱ्या सावकाश चढलीस. कुणीच अडवलं नाही!

शुभाकाकू आणि काकांबरोबर गेले होते. दर शनिवारी मला जेवायला बोलावणारं इथलं हे एकच घर. पहिल्याच भेटीत काकूंनी विचारलं होतं, "आडनाव काय? मूळ गाव कुठलं?" बाबांनी बदलून घेतलेलं आडनाव ऐकून खूश झाल्या, "अगंबाई, आपल्यातलीच की!" तुला सांगितलं तर कॉलिंग कार्डवरून केलेल्या फोनच्या त्या खरखरीत तू म्हणालीस, "प्रेमानं वाढतात ना? मग गप जेव." का गं असं शिकवलंस?

तिथे माहिती सांगणाऱ्या म्हाताऱ्या काळ्या बाईंनी विचारलं, "तुमच्या देशात असं होतं का?"

"छे! आमच्याकडे सगळी मुलं एकत्रच बसायची," काकू म्हणाल्या.

बोलले तर हे घर तुटणार, कळत होतं. तरी म्हणाले, "माझी आई वर्गाबाहेर बसायची. आमच्या जातीमुळे."

 परतताना गाडीत काका म्हणाले, "जाऊ दे गं, जुन्या गोष्टी त्या."

"तुम्ही रस्त्याकडे बघा हो!" काकू त्यांच्यावर उखडल्या. मग माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "इतके दिवस बोलली नाहीस ती!"

"आईबद्दल कुणी विचारलंच नाही, काकू."

काल संध्याकाळपर्यंत त्यांचा नेहमीचा फोन आला नाही.

आई, यापुढे कुणाच्याही पंगतीसाठी तुला लपवणार नाही, शब्द देते. म्हणून काल मीच फोन केला आणि दोघांना आज माझ्याकडे जेवायला बोलावलं. काकू "बघते" म्हणाल्या.

मी ताटं मांडलीत.

तुझी,
सुजाता