पाचवं दार

भाऊजी,

मैथिलीला पहाटे ताप आला. तिची बोनमॅरो बदलणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांना लगेच फोन केला. अशा लेकराचा ताप घरी बघत बसायचा नाही, म्हणाले, आणि कळंबच्या दवाखान्यात ते स्वतःच बोलले. हे आणि मी तिला घेऊन तिकडंच निघालोय.

फ्रिजमधली तिची औषधं बर्फाच्या डब्यात घालून आयुबभाईंकडं द्या, ते गाडीवर आणून देतील. तुम्ही येऊ नका.

काल मी धुणं वाळत घालायला गच्चीवर गेले, तेवढ्यात तुम्ही तुमच्या मंडळाची माणसं तिच्या खोलीत आणलीत. पोर बरी झाली म्हणून हार घातला, पेढा भरवला, फोटो काढले. एकाच्याही तोंडाला मास्क नव्हता, हात धुणं तर लांबच. वर मलाच म्हणालात, "वहिनी, देवीची कृपा आहे, काय होतंय!" देवीशी माझं रोजचं बोलणं आहे, भाऊजी. तिनं तुमच्याकडं निरोप दिल्याचं मला काही सांगितलं नाही.

मंगळवारी पाच घरी जोगवा मागायचा माझा नेम. पोरीपायी दारोदार जाणं नको, म्हणून तीन महिने आपल्याच घरातल्या पाच दारांत परडी धरते. देवीनं ते गोड मानून घेतलं. पाचवं दार तुमच्या खोलीचं. तुम्ही मूठभर पीठ घालता, हात जोडता.

आता तिथं येणार नाही. पाचवा जोगवा न्हाणीच्या दारात मागीन. तिथं निदान हात तरी धुतले जातात.

नीला