व्हॅनचे दोन लाईट

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा तेच. हे भाजीच्या हर्रासातून आले, चहा पेला, अन् कप खाली ठेवाच्या आत सुरू — "अवं, लाईट बदलाच लागते." मी म्हनलं, लागते का नाई लाईट? म्हणे लागते. मंग झालं तर!

गावातल्या कैलासनं भरवलं यायच्या डोक्यात. त्यानं दिवाळीत पिकअपले पांढरे लाईट लावले. साडेसहा हजाराचे. "दिवस निघाल्यासारखा उजेड पडते, काका." ते पैसे मी विहिरीच्या मोटरसाठी ठेवले आहेत. मोटर जळली तर सांभार, शहरातले कोथिंबीर म्हणतात तो, का त्या लाईटीच्या उजेडात हिरवा राहीन?

बावीस वर्षं झाले, हे पहाटे चारले व्हॅन काढतात. आपला भाजीपाला अन् गल्लीतल्या सात घरचा. वर्धेच्या हर्रासात पोचवतात, विकतात, नऊले घरी. बावीस वर्षांत कोंबडी मेली नाई व्हॅनखाली. सासऱ्यानं तर बैलबंडीले कंदील बांधून वर्धा केली. आता यायलेच दिसेनासं झालं.

नवऱ्याचं नाव घेऊ नाई म्हणतात. वहीत लिहाले काय होते. हरिदास. घ्या, लिहिलं.

६ नोव्हेंबर

कैलासच्या लाईटीचा उजेड आज मले भेटला. दिवस बुडता वावरातून येत होती, डोक्यावर मेथीचं गाठोडं. समोरून पिकअप. डोळ्यासमोर नुसतं पांढरं झालं. पाय रोडखाली गेला, गुडघा सोलला, मेथी नालीत.

थांबला तो. मी म्हनलं, "कैलास, तुले दिसते रे बाप्पा, पण आमचं काय?"

हासला. "काकू, गॉगल लावून येत जा वावरात."

घरी येऊन यायले गुडघा दाखोला. हे पाहिजे का तुमाले? हे लाईट? यायनं हळद आणून देली. मंग म्हणे, "आपण लाईटीचं तोंड खाली करून लावू."

म्हणजे हट्ट सुटला नाई.

९ नोव्हेंबर, रविवार

केळझरच्या वळणावर रोही आडवी आली. ब्रेक मारला, वांग्याचे दोन कॅरेट उलटले. "दिसलीच नाई," म्हणे. घोड्याएवढं जनावर!

मी म्हनलं डोळे तपासा. तर बिचारे कालच सेलूले जाऊन तपासून आलते, मले न सांगता. डॉक्टर म्हणे डोळे ठणठणीत, वीस वर्षं घोर नाई.

डोळे बरे, लाईट लागते. मंग काय राह्यलं? भेव राह्यलं. माणूस पन्नाशीच्या पुढं गेला का भेते. तोंडावर नाई म्हनलं मी. मनात धरलं.

१३ नोव्हेंबर

आज गोष्ट काढली नाई. नवल.

२० नोव्हेंबर, गुरुवार. अवस.

गाडीची पूजा केली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले. लाईट मीच घासतो, दर अवशीले. पाच वर्षं झाले, एक अवस चुकली नाई. चुलीची राख चाळून घ्याची, नारळाच्या शेंडीनं गोल-गोल घासाचं. देवाची समई घासतो तसं. साबणानं काई होत नाई, राखच पाहिजे. गल्लीतल्या पाच-सहा बायायले मीच शिकोलं हे.

पाणी टाकलं का आरशासारखे दिसतात. वाळले का पांढुरके पडतात जरा. मंग मी आणखी एक हात मारतो.

यायले बोलावून दाखोलं. ओलेच होते. "पाहा, बिनपैशाचे नवे लाईट." हे हासले. लाईटीच्या खाली बोटानं कुंकू लावलं अन् गेले.

२४ नोव्हेंबर

श्रावणभाऊले आपली व्हॅन लागली. पाय मोडला. आज लिहवत नाई.

२५ नोव्हेंबर

आता लिहितो.

श्रावणभाऊ आपल्या मागच्या घरचे. सायकलीले दोन कॅन बांधून पहाटे सेलूले दूध नेतात. रोड सरळ, धुकं नाई, काई नाई. व्हॅनचं तोंड मागच्या चाकाले लागलं. सायकल नालीत, श्रावणभाऊ रोडवर, दूध सगळीकडे. यायनंच उचललं, वांगे-भेंडी तिथंच उतरवून त्यायले व्हॅनमध्ये टाकलं, सेवाग्रामले नेलं. मांडीचं हाड आहे. रॉड टाकतीन. दोन-तीन महिने खाटीवर.

नळावर कुंताबाई आली. श्रावणभाऊची बायको. रडत नव्हती, ते जास्त वाईट. "कसं काय झालं वो कोकिळाबाई? रोड तर सरळ होता."

अन् मी म्हनलं — "झोप लागली असन यायले. रात्री मॅच पाहत बसतात."

चार बाया होत्या नळावर. मले वाटलं, खरं बोलावं, लपवून काय करता. पण खरं मले माईत कुठं होतं?

संध्याकाळी हे म्हणे, "मी जागा होतो. दिसला नाई तो मले." मी म्हनलं, रोही दिसली नाई, माणूस दिसला नाई, उद्या गाव दिसणार नाई. तेवढ्यावरच उठले. जेवले नाई.

पोलिसात गेली नाई कुंताबाई. म्हणे गावातल्या गावात आहे. पण बोलतही नाई आता.

२८ नोव्हेंबर

आज चारले अंगणात उभे राह्यले हे. व्हॅन काढून, दार उघडून. सात घरांतून एक कॅरेट आलं नाई. पावणेपाचले कैलासची पिकअप वाजली चौकात. सगळे तिकडे.

नळावरची गोष्ट गावभर झाली. हरिदास झोपते गाडीवर. त्याची बायकोच सांगते.

किल्ली देवाजवळच्या खिळ्याले टांगली यायनं. आपला सांभार घेऊन कैलासच्या पिकअपमध्ये गेले, मागं, कॅरेटवर बसून. कैलास म्हणे, "काका, आरामात बसा, झोप आली तर झोपा." सगळे हासले. हे मले यायनं नाई सांगतलं. समोरच्या तानाबाईनं सांगतलं, अन् तिले सांगताना गोड लागत होतं.

बावीस वर्षं ज्यायचा माल नेला!

१ डिसेंबर

माझा जीव थाऱ्यावर नाई. हे बोलत नाईत, भांडत नाईत. भांडले असते तर मले निभवता आलं असतं.

मीच म्हनलं, चला, लाईट लावून घेऊ. मोटरचे पैसे देतो.

"आता कायले? बसते कोन त्या गाडीत?"

मी बसतो म्हनलं. उद्या सिंदीले जाचं, नागसेनच्या गॅरेजात. किल्ली मी काढली खिळ्यावरून. हातात देली तेव्हा घेतली.

२ डिसेंबर, मंगळवार

कसं लिहू.

नागसेननं व्हॅन आत घेतली, शटर पाडलं, लाईट लावले. भिंतीवर उजेड पडला तो असा, जसं पाण्यात दूध सांडलं. ना धड गोल, ना कुठं जोर. त्यानं बल्ब काढून पाह्यला. "बल्ब बरा आहे. वायरही बरी." मंग काचेवर अंगठा फिरवला. ओला फडका मारला — चकाचक झाली. मी म्हनलं, पाहा, स्वच्छ तर आहे. तो म्हणे, "थांबा वहिनी, वाळू द्या." वाळली. पांढुरकी.

"काच नाई ही, प्लास्टिक आहे. हजार चिरा पडल्या आहेत हिच्यावर. ओली असली का चिरात पाणी भरते, म्हणून चांगली दिसते. कोनं घासलं वो हे राखेनं? कढई आहे का ही?"

 अवशीची राख अजून नखात आहे असं वाटलं. हात पदराखाली घेतले.

नागसेन बोलतच होता. "यात साडेसहा हजाराचा लाईट टाका नाई तर सूर्य टाका. उजेड काचेतच फाकते, रोडवर जातच नाई. बऱ्याच दिवसांपासून दिसत नसन तुमाले, हरिदासभाऊ."

"मीच घासतो," हे म्हणाले. "चमकते म्हणून."

माझ्याकडे पाह्यलं नाई. एकडावही नाई.

नागसेन हासला. "बावीस वर्षांचे ड्रायव्हर तुम्ही, अन् राखेनं?" त्याच्या पोरानं हवा भरता भरता मान वर केली, तोही हासला. हे उभे. पिकअपमध्ये बसले असतीन तसेच उभे.

मी बोलाले पाहिजे होतं. मी, जिले सगळा गाव तोंडाळ म्हणते. तोंड उघडलं नाई.

नागसेन म्हणे, महागडे पांढरे लाईट नोका लावू. समोरच्याच्या डोळ्यात मारतात, अन् पावसात तर आपल्यालेही दिसत नाई. फक्त दोन्ही काचा बदला, बल्ब हाच राहू द्या, तोंड थोडं खाली करून देतो. पैशाचं म्हणाल तर साडेसहा हजाराच्या पाव हिश्शात दोन्ही काचा बदलून झाल्या, वरून उरले.

येताना अंधार पडला. यायनं लाईट लावले. कडेचा दगड न् दगड दिसला. पांढरी पट्टी दिसली, तिच्यावर बसलेला कुत्रा दिसला. लांबूनच एक सायकलवाला दिसला, त्याच्या मागची थैली दिसली, थैलीवरचा हिरवा रंग दिसला. यायनं गाडी हळू केली, आरामात बाजूनं काढली.

मी खिडकीकडे तोंड केलं.

घरी आल्यावर विचारलं, काऊन सांगतलं तसं?

हे पाय धुत होते. म्हणे, "मले एवढं बोलून राह्यले लोक, त्यात एक आणखी. तुले काऊन?"

किल्ली पुन्हा खिळ्याले टांगली.

४ डिसेंबर

सांभाराच्या दोन जुड्या घेऊन कुंताबाईकडे गेली. श्रावणभाऊ घरी आले, खाटीवर आहेत, पायाखाली दोन उशा. मी उंबऱ्यात उभी. सांगाले गेलती, "बरं वाटते का?" एवढंच निघालं तोंडातून.

कुंताबाईनं जुड्या घेतल्या नाई, खाली ठेव म्हणे. "आता दूध आमची पोरगी रंजिता नेते. पोट्टीची जात, पहाटे साडेचारले स्कूटीवर. तुमच्या घरच्या झोपेपाई."

तेव्हा तरी बोलावं की नाई? नाई बोलली. जुड्या ठेवून आली.

महिनाभर मी यायले मनात भेकड म्हणत आली. भेकड कोन आहे ते सिंदीत दिसलं.

५ डिसेंबर

राख फेकली. शेंडीही. समई साबणानं घासली, निघाली स्वच्छ.

६ डिसेंबर, शनिवार

सांगतलं. नळावरच सांगतलं, चारचौघीत, जिथं पहिलं बोलली होती तिथंच. हे झोपले नव्हते. लाईट मी खराब केले, राखेनं, माझ्या हातानं.

तानाबाईचा हंडा भरून वाहाले लागला तरी तिनं काढला नाई.

कुंताबाईनं हंडा खाली ठेवला. मले दंडाले धरून तिच्या घरी नेलं. वाटलं श्रावणभाऊच्या पुढं उभं करते. नाई. आंगणात नेलं, रंजिताच्या स्कूटीपुढं. पदरानं लाईट पुसला. पांढुरका, धुरकट, आपल्या व्हॅनसारखाच. "तूच शिकोलं होतं," म्हणे. "दर अवशीले घासतो मी."

श्रावणभाऊले आतून सगळं ऐकू गेलं होतं. मंग खाटीवरून श्रावणभाऊ म्हणे, "हरिदास जागा होता ना?"

जागा होते म्हनलं.

"मंग त्याले सांग. सोमवारी स्कूटी नागसेनकडे नेईस्तोर पोरीच्या मागं व्हॅन ठेव म्हणा. त्याच्या उजेडात जाईन ती."

घरी येऊन सांगतलं. हे उठले. खिळ्यावरून किल्ली काढली, अन् गजर पुन्हा पहिल्यासारखा साडेतीनचा केला.