कापणीच्या सणाची शेळी

८ जानेवारी

सातवीला आज मोटेची कविता दिली. आमच्या वेळच्या पुस्तकातली. वर्गात एकालाही मोट माहीत नाही! फळ्यावर विहीर काढली, चाक काढलं, बैल काढले. मागच्या बाकावरून आवाज आला, "आजोबा, डुकरं हायत का ती?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. चित्रकलेत मी तेव्हाही नापासच व्हायचो.

मग चालीवर घेतली.

मोट उतरली खोल विहिरी
दोर बोलला चाकाशी —

बाकावर ठेका धरायला लावला. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले, आमचं दार लोटून गेले. आणि त्या सगळ्या गलक्यात एक आवाज वर आला. मोकळा, जरा खरखरीत, माळावरून हाक मारावी तसा. रुपाली! बोर्डिंगमधली, सांगोल्याकडची. जूनपासून बुधवारी-शनिवारी हा तास घेतोय, हिची हजेरीसुद्धा कधी नीट ऐकू आली नव्हती.

याच खोलीत मी बसायचो. तेव्हा वर कौलं होती, आता पत्रा आहे. मिशनच्या बोर्डिंगात धनगराचं पोर म्हणून आलो, ते मोठ्याने कविता म्हणायला शिकून बाहेर पडलो. आणि जेवणाआधी डोळे मिटायला. ती सवय अजून जात नाही. देव कुठला, ते त्या घटकेला मी ठरवत नाही. आज सून म्हणाली, "मामा, भाजी बघवत नाही का?" पूनमच्या जिभेला धार आहे. पण हात चांगला आहे तिचा.

११ जानेवारी

प्रत्येकाला आपल्या गावावर दोन ओळी रचायला सांगितल्या. बहुतेकांच्या गावात नदी वाहते, मोर नाचतात. मंद्रूपच्या पोराच्या गावात तर समुद्र निघाला! रुपालीला उभं केलं. खाली बघत म्हणाली —

शेरडं गेली माळावर
मी ऱ्हायले वर्गात.

केवढी घराची ओढ! मीही असाच खिडकीतून बाहेर बघत बसायचो. मुख्याध्यापिका कसबेबाईंना ओळी म्हणून दाखवल्या. बाई नुसत्याच म्हणाल्या, "काका, ही पोरगी दहावीपर्यंत टिकली पाहिजे."

१२ जानेवारी

रविवार. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला आलेले पालक बोर्डिंगलाही डोकावून जातात. रुपालीची आजी आली होती. बनाबाई. काटक बाई, पण पायऱ्या चढताना भिंत धरून चढली. रुपालीचे आईबाप पुण्याकडे बांधकामावर असतात. घरी ही एकटीच.

मी कौतुक केलं — आवाज आहे, समज आहे, शिकू द्या. बनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमी म्हनता ते खरं हाय गुरुजी. पर सातवी झाली की बास. माजं गुडघं गेलं. समदी शेरडं इकली, एकच ठिवली. टिकली. त्या टिकलीपास्नं पुन्यांदा कळप हुभा करायचा. मागं फिरायला ही हायच की."

कसबेबाई म्हणाल्या, "मावशी, वसतिगृहात सगळं फुकट आहे."

"फुकाट हाय म्हनून काय पोर तुमची व्हईल काय?"

रुपाली आपल्या बुटांकडे बघत होती. वेडी आशा वाटते — आजीला एकदा शाळा आपली वाटली, तर ठेवील.

१५ जानेवारी

खोकला. पडून.

१८ जानेवारी

एक फेब्रुवारीला शाळेत कापणीचा सण. माझा लहानपणापासूनचा आवडता. ज्याच्या त्याच्या घरून पहिलं पीक यायचं. ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, एखादा कोंबडा. प्रार्थना झाली की पटांगणात लिलाव. त्याची गंमत अशी की घेणारा चढी बोली लावतो, रक्कम पेटीत टाकतो आणि वस्तू परत देतो, "पुन्हा बोला!" एकच भोपळा तीनतीनदा विकला जातो. आणि जिवंत जनावर तर ज्याचं त्याच्याच हाती परत जातं. हा इथला रिवाज. कुठे लिहिलेला नाही, पण कुणी मोडलेलाही नाही.

बोर्डिंगची पोरं मात्र त्या दिवशी रिकाम्या हाताने उभी राहतात. मला कल्पना सुचली! रुपाली आपली टिकली घेऊन स्टेजवर येईल, शेळीच्या गळ्यात झेंडूची माळ, आणि मोटेची कविता म्हणेल. बनाबाईचं नाव माइकवरून पुकारलं जाईल. मग ती शाळा तिचीही होईल.

रुपालीला सांगितलं. तिने विचारलं, "घेनाऱ्यानं परत न्हाय दिली तर?"

"देतातच."

"पर न्हायच दिली तर?"

पोरीचा जीव किती त्या मुक्या जनावरात! म्हटलं, "घाबरू नकोस. असं इथे कधी झालेलं नाही."

२५ जानेवारी

बनाबाईला फोन लावला. आधी नको, नकोच. "गाभण हाय ती. तितं मानसांत बुजली तर?" मी सांगितलं, संध्याकाळपर्यंत परत मिळेल, दुसऱ्या दिवशी घरी पोचती करतो. शेवटी म्हणाली, "तुमच्या सबदावर देते. शाळंच्या न्हाय." डाळिंबाचा टेम्पो मार्केटला येतो, त्यातून आदल्या दिवशी पाठवील.

माझ्या शब्दावर! फोन ठेवल्यावर बराच वेळ छाती भरून आल्यासारखी वाटत होती.

३१ जानेवारी

टिकली आली. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. बोर्डिंगच्या बाईंची तुळस खाऊन झाली.

१ फेब्रुवारी

काय झालं ते नीट लिहिलं पाहिजे.

रुपालीने कविता म्हटली. ठेका नाही, साथ नाही, एकटीने. शेळी मधेच ओरडली तर ही थांबली, लोक हसून होईतो थांबली आणि तिथूनच पुढे उचलली. मोठमोठ्यांना जमत नाही ते. माझे डोळे भरून आले. लिलावात बोली वाढत गेली. शेवटची बोली लावली ती एका पाहुण्या साहेबांनी. चिंचोळी एमआयडीसीत त्यांचा कारखाना आहे, यंदा पहिल्यांदाच बोलावलेले. टाळ्या झाल्या. मला स्टेजवर बोलावून शाल दिली, फोटो, मग आणखी फोटो. जुने विद्यार्थी भेटत राहिले.

खाली आलो तेव्हा रुपाली फाटकाशी उभी. हात रिकामे.

"टिकली कुठाय?"

"न्हेली."

साहेबांच्या गाडीमागे छोटा टेम्पो होता म्हणे, त्यात घालून नेली. कसबेबाईंना वाटलं होतं, केव्हाच परत मिळाली असेल. मी विचारलं, "अगं, तू काहीच बोलली नाहीस?" तिने मान हलवली. काय बोलणार ती एवढ्या मोठ्या माणसापुढे! त्या बिचाऱ्यांना तरी रिवाज काय माहीत. सांगायला मी हवा होतो. मी शाल सावरत होतो.

२ फेब्रुवारी

चर्चमध्ये कसबेबाई भेटल्या. म्हणाल्या, "काका, उघडपणे दान घेतलंय आपण. आता वस्तू परत मागायची कशी? पुढच्या वर्षी बोलावायचंय त्यांना." मी घरी आलो. जेवण गेलं नाही.

३ फेब्रुवारी

बनाबाईचा फोन. कुणीतरी गावात बातमी पोचवली. जे बोलली ते तसंच लिहितो. "गुरुजी, तुमी मला वळखीचं वाटला. आपल्यातलं वाटला. चोर बरा, त्यो सबद देत न्हाय. असल्यांच्या शाळंत मी नात ठिवायची न्हाय. शेरडी न्हाय आली तर पोर घिऊन जानार."

मी "आणतो, आणतो" एवढंच म्हणत राहिलो. माझ्यामुळे पोरीची शाळा जाणार. तिला पुढे न्यायला निघालो होतो मी!

५ फेब्रुवारी

तासाला गेलो. रुपालीने स्वतःहून हात वर केला. नवी कविता मागितली. डबा खाताना मैत्रिणींत खिदळतही होती. मन कसं घट्ट केलंय पोरीनं! मोठ्यांना दुःख दिसू नये म्हणून. मला तिच्या नजरेला नजर देववेना.

कसबेबाईंना बनाबाईच्या धमकीचं सांगितलं. त्या शांतच. म्हणाल्या, "रागावल्या आहेत, बोलू द्या. नेऊन करणार काय तिला? शेळी गेली, मागे फिरायला काही उरलंच नाही." मला हे बोलणं फार कोरडं वाटलं. एका म्हातारीचा सगळा आधार गेला, आणि बाई असा हिशोब करतात! चहा न घेताच उठलो.

६ फेब्रुवारी

पूनमला सगळं सांगितलं. थट्टा करील वाटलं होतं. म्हणाली, "मग बसून काय राहिलाय मामा? जा की चिंचोळीला. फार तर नाही म्हणतील." जाईन. रुपालीला आत्ताच सांगायचं नाही. आनंद अचानक दिला की दुप्पट होतो.

७ फेब्रुवारी

मिळाली!

रिक्षाने चिंचोळीला गेलो. साहेब परगावी. पण फाटकाच्या आतच हिरवळीवर टिकली बांधलेली, समोर मक्याची वैरण. राखणदार संगप्पा, अक्कलकोटकडचा. म्हणाला, "चांगलं केलासा आजोबा. ही कंपनीचं फुलझाड सगळं खाल्ली. माळी माझ्यावर चिडून हाय."

त्याने साहेबांना फोन लावला. सगळी हकीकत त्यालाच सांगायला लावली, मला साहेबांशी बोलायचं धाडस होईना. संगप्पाने ऐकून घेतलं, फोनवर हात ठेवला. "साहेब विचारतेत, पोरगीला विचारलासा का?"

"तिच्यासाठीच तर नेतोय," म्हटलं.

त्याने तसं सांगितलं. "न्या म्हणालेत."

किती मोठ्या मनाचा माणूस! पैसे परत करू का विचारलं, तर तेही नको. रिक्षावाला शेळी घ्यायला तयार नव्हता, शेवटी मीच मागे तिला मांडीशी धरून बसलो. रस्ताभर मोटेची कविता म्हणत आलो. ऐकणारी टिकली. तिने शालीचं टोक चावलं. चावू दे.

पूनम दारात. "मामा, आता दूध आणायला जायला नको." पण पाण्याची बादली तिनेच पुढे ठेवली.

९ फेब्रुवारी

बनाबाईच्या गावी जाऊन आलो. ओळखीच्या जीपमधून शेळी नेली. बनाबाई ओट्यावर बसली होती. टिकलीला पाहून गुडघे विसरून उठली. तोंडावरून, कानांवरून हात फिरवला, पोटाखाली हात लावून पाहिलं. मग माझ्या पायांशी वाकायला लागली. मी मागे सरलो. "चुकले गुरुजी, लई बोलले," म्हणत राहिली. भाकरी, शेंगांची चटणी, ताक. किती दिवसांनी असं पोटभर जेवलो.

निघताना सहज म्हटलं, "आता रुपालीची काळजी सोडा. ती शिकेल."

"शिकली की तेवडी. बुधवारी येते, घिऊन जाते तिला."

मला वाटलं, सुट्टीला. "परीक्षा तोंडावर आलीय, बनाबाई."

"परीक्षंला आनून सोडीन की. ही आता दोनतीन महिन्यांत व्याईल. मला वाकवत न्हाय, राना‌त जाववत न्हाय. तुमी शेरडी आनून दिली, देवच पावला. न्हाय तर मी तरी पोरीला आनून काय केलं असतं? बसवून खायाला घातलं असतं व्हय?"

जीपमध्ये ड्रायव्हर काहीतरी विचारत होता. मी काय उत्तरं दिली, आठवत नाही. कसबेबाईंचं ते कोरडं बोलणं आता अर्थासकट कानात येत होतं. बाईंना हे पहिल्या दिवशी कळलं होतं. त्यांनी मला सांगितलंही होतं.

१२ फेब्रुवारी

बनाबाई आली. कसबेबाई तासभर बोलल्या — दहावीपर्यंत तरी, निदान एप्रिलपर्यंत तरी. बनाबाई प्रत्येक वेळी एकच म्हणाली, "शेरडी हाय नव्हं घरात." मीही हात जोडले. तर मलाच समजावते, "गुरुजी, तुमचा सबद तुमी पाळलासा. आता मला माजं घर बघू द्या."

कसबेबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. उद्या सकाळच्या गाडीने नेणार.

१३ फेब्रुवारी

रुपालीची पेटी फाटकापर्यंत मी धरली. आजी पुढे गेली होती. म्हटलं, "बाळ, सणाच्या दिवशी त्या साहेबांना अडवायला मी तिथे हवा होतो."

ती म्हणाली, "आजोबा, त्ये परतच देत हुते. दोर माज्या हातात दिलता त्येंनी. मीच म्हनलं, न्या तुमी. लांब न्या."